अंगणातील सावली आणि कारंज्याचे पाणी

आपल्या शाळेच्या अंगणात एके काळी तीन निंब होते. पहिल्या दहा-बारा तुकड्यांतील विद्यार्थ्यांना ते सांगावे लागणार नाही. भोजनगृहात सर्वांना जागा पुरत नसे, म्हणून एप्रिलातील परीक्षेच्या दिवसांत दुपारची पंगत त्या निंबांखाली बसे. ताटात निंबाचा मोहोर पडे, तो बोटाने बाजूला सारून आम्ही वरणभात खात असू. संध्याकाळची वंदना तेथेच होई. रात्री खोल्यांत जीव घुसमटू लागला की गुरुजी सतरंज्या अंगणात टाकू देत, आणि मातीवर शिंपडलेल्या पाण्याचा वास घेत आम्ही झोपत असू. वसतिगृहाला त्या काळी पंखेही मोजके होते. कूलर हा शब्द आम्ही केवळ पाहुण्यांच्या खोलीसंबंधाने ऐकला होता.

आज त्या तिघांतला एकच निंब उरला आहे. दोन तोडले गेले ते रंगमंचासाठी, आणि मातीचे अंगण सिमेंटखाली गेले ते चिखल होऊ नये म्हणून. या दोन्ही कामांना वर्गणी कोणी दिली? आम्हीच दिली. माजी विद्यार्थ्यांच्या पहिल्या मेळाव्यात आम्ही उत्साहाने हात वर केले होते. ‘शाळेचे ऋण फेडायचे’ हा त्या दिवशीचा शब्दप्रयोग होता, आणि सिमेंट हेच ऋण फेडण्याचे सर्वांत दृश्य नाणे आम्हाला वाटले होते. तेव्हा पुढे जे लिहिणार आहोत ते कोणाकडे बोट दाखवण्यासाठी नव्हे. ते बोट वळवून पाहिले तर प्रथम आमच्याकडेच येते.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने उरलेल्या मोकळ्या जागेचे सुशोभीकरण करावे, असा प्रस्ताव आला आहे. प्रवेशद्वारापासून वसतिगृहापर्यंत रंगीत गट्टू, मधोमध सुमारे पाचशे चौरस मीटरची हिरवळ आणि त्या हिरवळीच्या केंद्रस्थानी कारंजे, असे त्याचे स्वरूप आहे. हेतू उत्तम आहे. उन्हाळ्यात मुलांना गारवा मिळावा, हिरवे दिसावे, पाणी खेळते असावे, ही भावना आमचीही आहे. प्रस्ताव मांडणारी मंडळी आमच्याच पंगतीतली आहेत. तरीही आम्हाला असे वाटते की ज्या गारव्यासाठी हा खर्च होणार आहे तो गारवा या मार्गाने मिळणार नाही. कारण नागपूरसारख्या उष्ण आणि कोरड्या शहरात झाड आणि पाणी उष्णतेशी कसे वागतात, याचा विचार या आराखड्यात झालेला दिसत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याचे वर्णन या स्मरणिकेच्या वाचकांना काय करावे? २०१३ च्या मे महिन्यात येथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. ३० मे २०२४ रोजी शहरातील एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले आणि दिवसभर सर्वत्र खळबळ उडाली. पुढे हवामान विभागाने तो संवेदकातील बिघाड असल्याचे स्पष्ट केले. आकडा खोटा होता, पण तो ऐकून फारसे कोणी चकित झाले नव्हते, हे आम्हाला अधिक बोलके वाटले. मात्र त्या निमित्ताने एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून वर टांगलेला असतो. तो हवेचे तापमान सांगतो. आपली मुले पांढऱ्या पेटीत राहत नाहीत. भर दुपारी भोजनगृहातून वर्गाकडे जाणाऱ्या मुलाच्या डोक्यावर थेट ऊन असते, पायाखालचा तापलेला सिमेंटचा पृष्ठभाग त्याच्याकडे उष्णता फेकत असतो, आणि पश्चिमेची भिंत बाजूने तेच काम करीत असते. त्याला जाणवणारी उष्णता हवेच्या तापमानाहून किती तरी अधिक असते. गारवा कसा निर्माण करायचा हा प्रश्न आपण विचारतो तेव्हा त्यात खरे तर दोन प्रश्न दडलेले असतात: हवा किती थंड करता येईल, आणि अंगावर येणारा हा मारा किती अडवता येईल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर विदर्भातील प्रत्येक घराला ठाऊक आहे, कारण ते प्रत्येक खिडकीत बसवलेले आहे. पूर्वी सधन घरांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारीत. आता त्याच ताट्या पत्र्याच्या पेटीत, पंख्याच्या मागे बसल्या, आणि आपण तिला कूलर म्हणू लागलो. पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेते, हे त्यामागचे सारे शास्त्र. हवा जितकी कोरडी तितकी ती वाफेला जागा देते. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता अशी मे महिन्यातली नागपूरची दुपार घेतली, तर केवळ पाण्याच्या बाष्पीभवनाने ती हवा सिद्धान्ततः सुमारे २४ अंशांपर्यंत उतरवता येते. म्हणजे २१ अंशांची उतरण. याउलट ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेची मुंबईची हवा फार तर २९ अंशांपर्यंत उतरेल. जेमतेम ४ अंश. मुंबईकर पाहुणा नागपुरात आला की कूलरपुढून हलत नाही आणि नागपूरकर मुंबईत कूलर नेतो तेव्हा तो पश्चात्ताप करतो, याचे कारण हेच. पहिला पाऊस पडला की आपलेही कूलर निरुपयोगी होतात आणि त्यांच्या टाक्यांत डासांची अंडी तेवढी वाढतात.

झाड हाही एक कूलरच आहे, असे आता शाळेच्या पाठ्यपुस्तकांतूनही सांगितले जाते. ते खरे आहे. मुळांनी ओढलेले पाणी पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ होऊन बाहेर पडते, आणि एक लिटर पाणी वाफ होताना विजेच्या सुमारे दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता शोषली जाते. चांगले पाणी मिळालेल्या एखाद्या मोठ्या झाडाने दिवसाला शंभर लिटर पाणी असे हवेत सोडले असे धरले, तर दीड टनाचा एसी बारा-तेरा तास चालून जितकी उष्णता खोलीबाहेर काढील तितकी ते एकटे झाड शोषते. आणि एसी ती उष्णता शेजारच्याच्या खिडकीकडे टाकतो, वर स्वतःला लागलेल्या विजेची भर घालतो. झाड तसे करीत नाही.

येथवर आल्यावर बहुतेक लेख थांबतात आणि ‘झाडे लावा’ असे सांगतात. आम्हालाही तसे करणे सोपे गेले असते. परंतु खोली बंद असते आणि अंगण उघडे असते. झाडाने गार केलेली हवा तेथे थांबत नाही; वारा ती घेऊन जातो आणि तिच्या जागी रस्त्यावरची तापलेली हवा आणतो. शहरांतील बागांविषयी जगभर झालेल्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाच्या वेळी बागेतील हवा भोवतालापेक्षा सरासरी सुमारे एका अंशानेच थंड आढळली. शिवाय झाडालाही जिवाची काळजी असते. ऊन पराकोटीला पोहोचले आणि जमिनीत ओल नसली की ते रंध्रे मिटून घेते. ज्या दुपारी आपल्याला त्या कूलरची सर्वाधिक गरज, नेमक्या त्या दुपारी तो मंदावतो.

मग तिन्ही निंबांखाली आम्हाला मिळत होता तो गारवा खोटा होता काय? मुळीच नाही. तो मुख्यतः सावलीचा होता. पर्णसंभार सूर्याचा मारा आमच्या अंगावर येण्यापूर्वीच अडवीत होता, आणि पायाखालची मातीही सावलीत असल्यामुळे तापत नव्हती. वरून मारा नाही, खालूनही नाही. पानेही टिनपत्र्यासारखी तापत नाहीत, कारण त्यांच्या अंगातून थोडे का होईना पाणी जात असते. हवेचा तापमापक एखाद-दोन अंशांचाच फरक दाखवील, पण अंगाला तो फरक कितीतरी मोठा जाणवतो. गेल्या एप्रिलात आम्ही काही जण शाळेत गेलो होतो. मधल्या सुटीत मुले कोठे बसतात ते पाहावे म्हणून व्हरांड्यात थांबलो. एवढ्या मोठ्या परिसरात जवळजवळ सारी मुले त्या एका उरलेल्या निंबाखाली दाटीवाटीने बसली होती. ज्यांना तेथे जागा मिळाली नाही ती भिंतीला चिकटून उभी होती. धाकटी दोन मुले चपला विसरली होती. त्यांनी सिमेंट ओलांडले ते उड्या मारीत.

त्या भिंतीविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. नागपुरात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा लागतो त्याच सुमारास, मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या वस्तूची सावली त्या क्षणी नाहीशी होते. ज्या दिवसांत सावलीची निकड सर्वाधिक, त्या दिवसांत दुपारी भिंत कोणाला आसरा देऊ शकत नाही. आसरा देऊ शकते ते केवळ डोक्यावर आडवे पसरलेले काहीतरी: छत, मांडव, किंवा झाड.

छत किंवा मांडवच का घालू नये, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. या प्रश्नाचे उत्तर इस्रायलमधील नेगेव वाळवंटात, स्दे बोकेर येथे केलेल्या एका प्रयोगात मिळते. तेथील संशोधकांनी शेजारशेजारची दोन अंगणे घेऊन निरनिराळ्या योजना करून पाहिल्या: उघडी जमीन, नुसती हिरवळ, कापडी जाळीची सावली, झाडे, आणि यांच्या जोड्या. २००९ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झाडांखाली हिरवळ असलेल्या अंगणातील हवा दिवसा अडीच अंशांपर्यंत थंड राहिली. नुसत्या कापडी जाळीखाली, अपेक्षेच्या उलट, हवा जवळजवळ एका अंशाने अधिक तापली. आणि नुसत्या उघड्या हिरवळीने हवेत अत्यल्प फरक पडला, मात्र पाणी सर्वांत जास्त प्यायले तेही तिनेच. त्याच हिरवळीवर सावली येताच पाण्याची गरज निम्म्याहून खाली आली.

आता आपल्या आराखड्याकडे पाहू. आपण नेमकी ती उघडी हिरवळ निवडली आहे. आपल्याकडील मे महिन्यात हिरवळ जिवंत ठेवायची तर चौरस मीटरला दिवसाला सहा ते आठ लिटर पाणी धरावे लागते. पाचशे चौरस मीटरसाठी किमान तीन हजार लिटर. एका मुलाला आंघोळीला वीस लिटरची एक बादली दिली तर हे दीडशे मुलांच्या आंघोळीचे पाणी झाले. ज्या वसतिगृहात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तेथे हे पाणी कोणाच्या बादलीतून वजा होणार? आणि एवढे करून त्या हिरवळीवर दुपारी एकही मूल बसू शकणार नाही. ‘हिरवळीवर पाय ठेवू नये’ अशी पाटी तेथे लागणार, हे आमचे भाकीत आहे. ते चुकल्यास आम्हाला आनंद होईल.

कारंज्याचेही तसेच. कोरड्या हवेत उडणारे तुषार गारवा देतात यात संशय नाही, पण तो काही पावलांपुरता आणि वाऱ्याच्या दिशेपुरता. पंप बंद, की गारवा बंद. उघड्या पाण्याची पातळी आपल्याकडे मे महिन्यात दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर नुसत्या उन्हाने खाली जाते, तुषारांचे वेगळे. मोठ्या तलावांचीही मर्यादा येथे नोंदवावी. फुटाळ्याच्या किंवा अंबाझरीच्या काठी संध्याकाळी जी झुळूक मिळते ती काठाजवळच्यांना मिळते. दोन गल्ल्या आत ती पोहोचत नाही. पाणी सावकाश तापते तसे ते सावकाश निवते, म्हणून रात्री उशिरा तलावाकाठ भोवतालापेक्षा थोडा उबदारही असू शकतो. तलाव शहराला हवेतच, परंतु ते भूजलासाठी, पुरासाठी, पक्ष्यांसाठी आणि डोळ्यांसाठी. शहराला गार करण्याचे काम एकट्या तलावांवर सोपवणे हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

एक गमतीची वाटणारी पण गंभीर गोष्ट. शहर तापते आणि खेडे गार असते, असे आपण गृहीत धरतो. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१७ मध्ये उपग्रहांच्या आधारे भारतीय शहरांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात उन्हाळ्यातील दिवसा बहुतेक शहरांचा पृष्ठभाग भोवतालच्या ग्रामीण भागापेक्षा कमी तापलेला आढळला. कारण साधे आहे. एप्रिल-मे महिन्यांत शेते उघडी पडलेली असतात. त्यांत ना पान, ना ओल. शहरात निदान बागा असतात, रस्त्याकडेची झाडे असतात, नळाचे पाणी जमिनीत झिरपत असते. आपली शाळा शहराच्या वेशीबाहेर, काळ्या मातीच्या उघड्या रानांना लागून आहे. उन्हाळ्यात तिकडून येणारा वारा भट्टीवरून आल्यासारखा असतो, हे तेथे राहिलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. त्याच अभ्यासात असेही दिसले की रात्री चित्र पालटते आणि शहरे भोवतालापेक्षा तापलेली राहतात. दिवसभर सिमेंटने साठवलेली उष्णता रात्री बाहेर पडते. म्हणजे आपण वेशीबाहेरचा दिवसाचा ताप टाळला नाहीच, वर सिमेंट आणि गट्टू घालून शहराचा रात्रीचा तापही विकत आणतो आहोत. पूर्वी गुरुजी मुलांना अंगणात झोपू देत. आज त्या सिमेंटवर रात्री दहालाही पाठ टेकवत नाही. आणि ज्याला रात्री झोप लागत नाही त्याच्या अंगाला दुसऱ्या दिवशीचे ऊन अधिक बाधते.

गट्टूंचा दुसरा हिशेब पावसाळ्यात होतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या रात्रीचा नागपूरचा पूर आपल्यापैकी अनेकांनी घरात अनुभवला. अंबाझरी ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. त्या पुराची कारणे अनेक आहेत, पण जमिनीने पाणी पिणे बंद केले हे त्यांतले एक निश्चित आहे. जी जमीन पावसाळ्यात पाणी पीत नाही तिच्याकडे उन्हाळ्यात झाडाला द्यायला काही नसते.

सावलीच्या या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. नागपूर हे हिरवे शहर आहे असे म्हणतात. सिव्हिल लाइन्स आणि सेमिनरी हिल्स पाहून ते पटते. तेथून निघून उत्तर नागपुरातील एखाद्या दाट वस्तीत दुपारी दोन वाजता या. टिनपत्र्याची छपरे, दोन्ही अंगांना भिंती, मधून सिमेंटचा रस्ता, आणि झाड असलेच तर विहारापुढचा एखादा पिंपळ. त्या वस्त्यांमधील आणि भोवतालच्या खेड्यांतील मुले आपल्या शाळेत येतात. त्यांचे आईवडील बांधकामावर, वीटभट्टीवर, हातगाडीवर ऊन झेलतात. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये शहरासाठी उष्णतेचा कृती आराखडा केला, नंतर नागपूरनेही त्याचा कित्ता गिरवला. इशारे, पाणपोया, रुग्णालयांची तयारी हे सारे त्यात असते आणि ते आवश्यकही आहे. परंतु सावली ही वीस वर्षे आधी पेरावी लागते, ती मे महिन्यातल्या परिपत्रकाने येत नाही. घरी ज्या मुलाला ती नाही, त्याला निदान शाळेत असावी, एवढीच आमची मागणी आहे.

सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखाचा उल्लेख आपल्या शाळेत अनेकदा होतो. तो स्तंभ आज दिल्लीत फिरोजशहा कोटल्यावर उभा आहे. रस्त्यांच्या कडेने माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावले, आमराया वाढवल्या, ठरावीक अंतरावर विहिरी खोदवल्या, असे त्यात नोंदलेले आहे. आम्हाला त्यातला क्रम आणि जोडी लक्षणीय वाटते. सावली आणि पाणी ही तेथे एकाच वाक्प्रवाहात येतात, आणि दोन्ही चालणाऱ्यासाठी आहेत, पाहणाऱ्यासाठी नाहीत.

कोणती झाडे लावावीत याविषयी दोन शब्द, कारण येथेही चूक सहज होते. मागे एकदा कोणीतरी सागवानाची रोपे आणून लावली होती. सागवान उत्पन्न देईल, पण ऐन उन्हाळ्यात तो निष्पर्ण असतो. सावली पावसाळ्यात देतो. गुलमोहर देखणा, पण एप्रिलात त्याच्याकडेही पाने थोडीच असतात आणि वादळी वाऱ्यात फांद्या मोडतात. निंबाला मात्र मार्च-एप्रिलात नवी पालवी येते आणि मे महिन्यात तो भरलेला असतो. करंजाचेही बहुतांशी तसेच. पिंपळ आणि वड मोठे होतात, त्यांना इमारतीपासून दूर जागा हवी. मैदानाच्या कडेला ती आहे. पश्चिमेच्या भिंतीलगत निंब आणि करंजाची रांग, कारण वसतिगृहाच्या खोल्या तापतात त्या तिसऱ्या प्रहरानंतरच्या तिरप्या उन्हाने. झाडांची रांग वाऱ्याची वाट अडवणार नाही एवढी विरळ ठेवावी. अगदी दाट छत रात्रीची उष्णताही कोंडून धरते. झाडे मोठी होईपर्यंतच्या वर्षांसाठी टिनपत्र्यावर दर उन्हाळ्याला चुन्याचा पांढरा हात मारावा. तो स्वस्त आहे आणि मुलेही ते काम करू शकतात.

पाण्याचा प्रश्न उरतो. चाळीस रोपे, प्रत्येकाला वीस लिटर, आठवड्यातून दोनदा, म्हणजे आठवड्याला सोळाशे लिटर. हिरवळीला लागणाऱ्या एकवीस हजार लिटरांच्या तेराव्या हिश्शाइतके. तेही पहिली तीन वर्षे. पुढे निंबाची मुळे आपली सोय आपण पाहतात. आणि हे पाणी पिण्याच्या टाकीतून घेण्याचे कारणच नाही. शेकडो मुलांच्या आंघोळीचे आणि धुण्याचे पाणी आज गटारात जाते. पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून सांडपाणी शुद्ध करण्याची फायटोरिड ही पद्धत आपल्याच शहरातील नीरी या संस्थेने विकसित केली आहे; तिला मोठी यंत्रे लागत नाहीत. भांडेवाडीला शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते, मग आपल्या न्हाणीघराचे पाणी आपल्या निंबांना का देऊ नये? कोराडीचे नाव निघाले म्हणून सांगतो. वर्गांना एसी बसवले तर पाणीच लागणार नाही, असे एका मित्राने सुचवले होते. केंद्र सरकारच्या २०१५ च्या अधिसूचनेप्रमाणे जुन्या औष्णिक केंद्रांना विजेच्या प्रत्येक युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरण्याची मुभा आहे. एसी पाणी पितोच. फक्त ते आपल्या नजरेआड, कोराडीला पितो.

समितीतील काहींनी आक्षेप घेतले आहेत. पानगळ होते, झाडायला माणूस लागतो. खरे आहे, पण तो पाचोळा आळ्यांत आच्छादन म्हणून घातला तर पाणी आणखी कमी लागेल. मुळे पायाला लागतील. त्यासाठीच अंतर राखावे. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना दाखवायला काय असेल, हा आक्षेप मात्र आम्हाला खरोखर अडचणीचा वाटला. चाळीस हातभर रोपे आणि काट्यांची कुंपणे यांचे छायाचित्र चांगले येणार नाही. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी झाडाला लावता येत नाही. आणि ज्यांच्या हातून सावली हरवली त्या आमच्यापैकी काही जण ती परत आलेली पाहायला असतील, काही नसतील.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की कारंजे आणि हिरवळ आराखड्यातून वगळावी. गट्टू केवळ चालण्याच्या वाटेपुरते, तेही फटी ठेवून बसवावेत. रंगमंचापुढील सिमेंट ज्या दोन ठिकाणी निंब होते तेथे फोडावे. त्या फोडण्याचा खर्च, ज्यांनी ते घालण्यासाठी वर्गणी दिली होती त्या आम्ही मंडळींनी उचलायचे ठरवले आहे. खड्डे मृगापूर्वी तयार हवेत. पहिल्या उन्हाळ्यात, मुले सुटीवर गेलेली असताना, रोपांना पाणी घालायला शाळेत कोणी नसते आणि रोपे मरतात ती त्याच दीड महिन्यात. त्या दीड महिन्याच्या पाळ्या आम्ही आपसांत वाटून घेतल्या आहेत. नवतप्याच्या आठवड्यातल्या दोन पाळ्या अजून रिकाम्या आहेत. ज्यांना घ्यावयाच्या असतील त्यांनी कार्यालयातील वहीत नाव लिहावे.